रायफलीची पिन

दारव्ह्याहून यवतमाळला ऑफिसात जाताना आमच्या जीपमध्ये बोरी अरबला एक बाई चढायच्या. पुढच्या सीटवरच बसायच्या आणि ड्रायव्हरला दटावायच्या, "बापू, हळू घे." गेल्या हिवाळ्यात त्यांच्या सासऱ्यांची शिकारीची जुनी रायफल बिघडली; गोळीवर आपटणारी पिनच तुटली. लायसन आता बाईंच्या नावावर होतं, आणि इकडे रानडुकरं त्यांचा हरभरा उकरून टाकत होती. तुटलेली पिन रुमालात बांधून त्या यवतमाळभर फिरल्या. कोणी विचारलं की रायफलीबद्दल म्हणायच्या, "बुढी बिमार हाय."

एकदा मीही त्यांच्यासोबत बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदार सगळं माझ्याकडेच बघून सांगू लागला. बाईंनी रुमाल त्याच्यापुढे सोडला.

"बंदूक माही हाय, दादा. मले सांगा."

आवाज जराही चढला नव्हता. मी आपसूक एक पाऊल मागे सरकलो. दुकानदाराने लायसन पाहिलं, आतून एका मोडीत निघालेल्या रायफलीची पिन शोधून आणली आणि त्यांच्याच हातात दिली.

पुढच्या आठवड्यात मी जीपमध्ये विचारलं, "किती डुकरं मारली?"

"एकबी नाई. संगं पिल्लं होती. हवेत बार काढला, पळाली सारी."

"मग एवढी वणवण कायले केली?"

"भेव पाह्यजे ना, भाऊ. जीव कायले घ्याचा?"

असं म्हणत त्यांनी पिशवीतून हिरव्या हरभऱ्याचा ढाळा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. घाटे टच्च भरले होते.