डाव्या चाकाचे नट

भीमाजीच्या मोटारीची पुढची दोन चाकं कशीबशी फिरत होती. मागचं उजवं चाक धाकट्या भावानं, सयाजीनं, काल मोकळं केलं. मागचं डावं मात्र आज सकाळपासून दाद देत नव्हतं, आणि हिंदुराव दुपारी येणार होता.

हिंदुराव चिंचवडचा भंगारवाला. ही मोटार भीमाजीनं लष्कराच्या लिलावात घेतली, वर्षभर चालवली, आणि तो गेल्यापासून दोन वर्षं ती रहाटणीच्या घरासमोर उभी होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालत. शेवटी रुक्मिणीवैनी म्हणाली, "भावजी, हिंदुराव यायच्या आत ती जाग्यावरनं हलली तर ऱ्हाईल. न्हाई हलली तर जाईल." वैनी शब्दाची पक्की होती.

सयाजी गावचा सुतार. बापाची लाकूड तासायची वाकस त्याच्याकडं आली. थोरल्या भीमाजीनं ती कधी नीट धरलीच नाही. तो ड्रायव्हर झाला त्या दिवसापासून दोघं भाऊ फारसं बोलले नाहीत. आता बोलायला कोणी नव्हतं, मोटार होती. ती गेली की अंगणात भीमाजीचं काहीच राहणार नव्हतं. एवढं सयाजीला कळत होतं. आपल्याला ते का सोसवत नाही, हे मात्र कळत नव्हतं.

चाकाआडचा ब्रेक गंजून धरला होता. तो सोडवायला चाक काढायला हवं, आणि चाक पाच नटांनी आवळलेलं. उजवीकडचे नट त्यानं आपल्या रीतीनं काढले होते. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात तापवली की फुगते, सैल होते. तसाच गोवरीचा निखारा चिमट्यानं नटाला लावायचा, रॉकेल सोडायचं आणि पाना फिरवायचा. काल कुरकुरत का होईना, पाचही आले.

आज तोच निखारा, तेच रॉकेल, तोच हात. पान्याच्या दांड्याला लांब नळी जोडून त्यानं सगळा भार टाकला. नट तसूभर हलला, त्याला हुरूप आला, आणि पुढच्या हिसक्याला बोल्टच तुटला.

"काय मोडलं?" वैनीनं ओट्यावरून विचारलं.

"कायी न्हाई."

"कायी न्हाई कसं? आवाज आला की."

"गंज व्हता, त्यो सुटला."

दुसऱ्या नटाला त्यानं जास्त तापवलं. जुन्या रबराचा घाण वास अंगणभर पसरला. हाही थोडा हलला आणि त्याचाही बोल्ट तुटला. सयाजी मातीत बसून राहिला. जोर कमी पडला असता तर समजलं असतं. इथं जोर लागत होता, लोखंड हलतही होतं, तरी प्रत्येक वेळी ते आणखीच घट्ट होत होतं. भीमाजीसुद्धा असाच. जितकं समजवावं तितका आडमुठा. की आपणच त्याला तसं केलं? असले विचार कामाच्या वेळी येऊ नयेत, पण आले.

त्यानं तुटलेल्या बोल्टाचा तुकडा उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला. मग उजव्या चाकाचा एक नट काढून त्यावर चढवून पाहिला. बसेना. जाडी तीच, तरी बसेना. त्यानं तुकडा उन्हात धरला. आट्यांचा उतार उलटा होता. काल पाहिलेले आटे एका अंगाला कलत होते, हे दुसऱ्या अंगाला.

बैलगाडीचं चाक डावं नसतं आणि उजवं नसतं. जन्मभर त्यानं केलेलं कुठलंही चाक कुठल्याही बाजूला चाललं. कोणी शहाणा माणूस डाव्या चाकाला उलटे आटे कशाला पाडील? सकाळपासून आपण नट सोडवत नव्हतो, आवळत होतो, एवढंच हाती आलं.

उरलेल्या तीन नटांना त्यानं पाना लावला आणि हाताला पटत नसताना उलटा फिरवला. पहिला एका दमात सुटला. सयाजीला आनंद झाला नाही. त्याला कोणीतरी हसल्यासारखं वाटलं.

ब्रेक ठोकून सोडवला, आत एरंडेल सोडलं, चाक तीन नटांवर परत बसवलं. तेवढ्यात हिंदुराव बैलजोडी घेऊन आलाच. सयाजीनं मोटारीला पाठीमागून खांदा दिला. ती करकरली आणि हातभर पुढं गेली. मग आणखी दोन हात. तिला थांबवायचं कशानं, ते त्याला ठाऊक नव्हतं. चिंचेच्या मुळाशी ती आपोआप थांबली.

"आरं, ही तर चालती," हिंदुराव म्हणाला. "बरं झालं, बैलांचा तरास वाचला."

"न्हाई द्यायची आता," वैनी म्हणाली. "बोलले व्हते मी."

"सयाजीराव, ठिवून करनार काय? इंजिन धरलंय तिचं. चाकं फिरली म्हंजी मोटार झाली व्हय?"

सयाजीनं पाना धोतराला पुसला. हिंदुरावानं तंबाखू मळली आणि तो रिकामी जोडी घेऊन गेला.

वैनी मोटारीजवळ आली. आतली अंडी तिनं पदरात घेतली. "मंग आता, भावजी?"

सयाजी मोटारीला वळसा घालून पुढं आला. पत्र्याच्या कडेकडेनं बोटं फिरवत म्हणाला, "वैनी, दादा हिचं पुढचं झाकान कुठनं उघडायचा?"

"मला काय ठावं? कधी बगाया बोलावलं का त्यांनी?"

"मला बी न्हाई," सयाजी म्हणाला, आणि वाकून फट शोधू लागला.