दारातलं लोशन

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी चहा टाकायला उठते. जन्म नर्सिंगमध्ये गेला, असल्या गोष्टींना वेळ कुणाला होता? पण ही एक गोष्ट... तुम्हीच ठरवा.

ऐंशीच्या दशकातली, रत्नागिरीतली. हॉस्पिटलचं नाव नको. मी मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते. दारात स्टुलावर एनॅमलचं मोठं भांडं, त्यात जंतुनाशक लोशन. आयाबाई सकाळी भरून ठेवायची आणि दिवसभर डॉक्टर, आम्ही, नातेवाईक, सगळे त्यातच हात बुडवून आत जायचो. तेव्हाची पद्धतच ती. लोशनचा वास आला की आम्ही निर्धास्त.

त्या उन्हाळ्यात मात्र मुलं एका आजारानं यायची आणि बरी होता होता भलत्याच तापानं फणफणायची. दोन मुलं गेली. फरशा घासघासून आम्ही थकलो. अशात भाट्ये गावची सुरेखा आली — दीड वर्षाची, न्यूमोनिया, ऑक्सिजनवर. बाप बोटीवर, जवळ फक्त आई. तो ताप हिला लागला असता तर पोर हाती लागली नसती. मी तासातासाला तिचं कपाळ चाचपायचे.

आणि दुसऱ्या दिवसापासून मी ड्युटीवर यावं तर भांडं कोरडं! स्टोअरमधून लोशन दिवसाला एकदाच मिळायचं. मग काय, चडफडत नळावर साबणानं हात धुवायचे. आयाबाईला मी बोल बोल बोलले. ती बिचारी देवाशपथ भरलं म्हणायची.

पण नवा ताप कुणालाच येईना. डॉक्टरांना शंका आली, त्यांनी स्टोअरमधलं लोशनच तपासायला पाठवलं. जंतुनाशकालाही न जुमानणारे जंतू त्यातच वाढत होते.

सुरेखा बरी झाली. त्या मायलेकी घरी निघताना मी आईला हसत विचारलं, "काय गं, लोशन तूच ओतायचीस ना?"

ती बघतच राहिली. "मी कशाला वतू? तुमीच तं सकालच्या येऊन मोरीत वतायचात. माला म्हनलात, ह्यात हात घालू नुको, नळावं धू."

"दुसरी सिस्टर असेल."

"नाय वो, तुमीच. रडत व्हतात."

त्या वेळी मी हातखंब्याहून येणाऱ्या एसटीत असायचे, शेजारी मैत्रीण असायची. तिला विचारून खात्री केली...

स्पष्टीकरण आजही नाही. त्या लोशनात जंतू आहेत हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ते मोरीत ओतणारीला होतं. मग ती दोन मुलं जायच्या आधीच का नाही आली?