बाटलीत फुललेला बांबू

चंद्रपूरजवळच्या एका टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत मी बांबूची रोपं तयार करायचे. बांबूच्या चांगल्या बेटाची कोवळी कांडी आणायची, तिच्या डोळ्यांपासून काचेच्या बाटल्यांत हजारो सारखी रोपं वाढवायची, असं ते काम. कागद कारखान्यासाठी बांबू लावणारे शेतकरी ती रोपं घेऊन जात.

एका सकाळी बाटल्या तपासताना बोटभर रोपाला फुलांचा तुरा आलेला दिसला. हा बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि मग वाळून जातो. ते बेट मीच निवडलं होतं. ते म्हातारं असणार, आणि त्याचं वय या रोपांतही उतरलं होतं.

प्रयोगशाळेच्या साहेबांना बाटली दाखवली. "फेकून दे, आणि बाहेर बोलू नको," ते म्हणाले.

पण चामोर्शीकडे माझ्या मामाने माझ्याच सांगण्यावरून त्याच बेटाची रोपं बांधावर लावली होती. रविवारी मी त्याच्याकडे गेले.

"मामा, हा बांबू फुलून मरंल असं वाटते मले."

"तूच त म्हणे, लय चांगला हाये. आता काऊन असं बोलून राह्यली?" तो पानांवर हात फिरवत म्हणाला. "एवढा हिरवागार हाये. कसा उपटू?"

रोपं तशीच ठेवून मी परत आले. पुढच्या वर्षी त्याचा फोन आला. "फुलला," एवढंच तो बोलला.

दुसऱ्या दिवशी साहेबांना न विचारता मी रोपं नेलेल्या शेतकऱ्यांची यादी काढली आणि एकेकाला फोन लावायला बसले.