अर्धा कोयता

पुण्यातली नोकरी सोडून गावात भाकरीचा धंदा काढला, असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग "वा, भारीच!" म्हणतात. मला आता दोन्हीचा वैताग येतो. हसणाऱ्यांचा जरा कमी.

मी सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या हे माझं काम, आणि त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. चुका काढायची खोड मला जन्मापासूनच आहे. माझं लग्न मोडलं तेही त्या खोडीपायीच, असं आई येईल-जाईल त्याला सांगते. ऑफिसात माझ्या टेबलाखाली एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात आईनं दिलेल्या कडक भाकरी: बाजरीच्या, वरून तीळ लावलेल्या, तव्यावर भाजून मग जाळापुढं उभ्या करून पापडासारख्या वाळवलेल्या. महिना झाला तरी त्यांना काही होत नाही. संध्याकाळच्या चहाला सगळी टीम त्या डब्यावर तुटून पडायची. "तू हे विकत का नाहीस?" असं एकदा कुणीतरी म्हणालं, आणि ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच.

नुसतं विकायचं असतं तर मी नोकरी सोडली नसती. मला गावातल्या बायकांचा धंदा उभा करायचा होता. त्याच मालकिणी, नफा सगळ्यांचा सारखा, मी फक्त पुण्यातली दुकानं सांभाळणार. निरोपाच्या केकवर ऑफिसवाल्यांनी क्रीमची भाकरी काढली होती. मी भाषणही ठोकलं. "आमच्याकडच्या बायकांना हंगामी नाही, बारमाही काम हवंय," असं मी त्यात ठासून म्हणाले आणि टाळ्या घेतल्या. हंगामी हा शब्द माझ्या तोंडून आला होता, हे पुढं आठवलं तेव्हा मी स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.

आमचं गाव शेवगावच्या पूर्वेला, जिथं कॅनॉलचं पाणी येता येता राहिलं तिथं. उन्हाळा सरता सरता मी सामान घेऊन आले. बैल विकल्यापासून गोठा रिकामाच होता. तो सारवून घेतला, एका ओळीत चुली मांडल्या, धूर जायला पत्र्यात धुराडी बसवली आणि दारावर पाटी रंगवली. पाटीवर 'महिला' हा शब्द मी सगळ्यात मोठा काढला. बायका आल्या, आणि त्यांच्यात वहिनी होती.

वहिनी नात्यातली नव्हती. मी गावची लेक, तिचा नवरा गावचाच, म्हणून तो माझा दादा. ती वहिनी, मी तिची वन्सं, आणि तिची नववीतली पोरगी मला आत्या म्हणायची. गावात अशी नाती जोडायला रक्त लागत नाही. वहिनीसारखी भाकरी दुसऱ्या कुणाचीच होत नव्हती. परातीत उजव्या तळव्यानं थापायची आणि डाव्या हाताची बोटं कडेनं फिरवत राहायची. भाकरी इतकी पातळ व्हायची की उचलताना माझाच श्वास अडकायचा, पण ती कधी फाटली नाही.

तिच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक नव्हतं. त्यामुळं भाकरीच्या कडेला बोटांचे जे ठसे उमटत, त्यात दर दोन ठशांमध्ये एक जागा सपाट राहायची. माझ्या नजरेतून ते सुटतंय होय?

"वहिनी, कडा सारखी येत नाही," मी पहिल्याच आठवड्यात म्हणाले.

"बोट उसात ऱ्हायलं, वन्सं. कडा कुठनं आनू?" ती म्हणाली आणि हसली.

मीही हसले. पुढं काही विचारलं नाही, कारण मला सगळं माहीतच आहे अशी माझी समजूत होती.

पावसाळाभर धंदा चांगला चालला. भाकरी पुण्याला जायची, तिथून आणखी मागणी यायची. गोठ्यात धूर आणि हसणं दोन्ही कोंडलेलं असायचं. इतक्या वर्षांत मी एवढी खूश कधीच नव्हते. दसरा झाला आणि बायकांचा उत्साह एकदम वाढला. आपलं काम आटोपलं तरी घरी जाईनात. घरून बाजरीचं पीठ आणायच्या, "वन्सं, जरा चूल वापरते" म्हणायच्या आणि थप्पीवर थप्पी रचायच्या. जुन्या लुगड्यात बांधून त्या भाकरी घरी न्यायच्या. मला वाटलं, घरी सगळ्यांना चटक लागली, आता ह्यांचा हातही बसला. मी त्या थप्प्यांचे फोटो काढून पुण्याच्या दुकानदाराला पाठवले आणि दिवाळीनंतर दुप्पट माल देते म्हणून सांगून टाकलं.

आई दारात उभी राहून ते फोनवरचं बोलणं ऐकत होती.

"दिवाळीनंतर करनार कोन?" तिनं विचारलं.

"ह्याच की. बघ ना कशा मन लावून करतायत."

"अगं बये, त्या वाटंच्या भाकरी हायेत. कारखान्यावर पोचून ऱ्हायला पाचटाची कोपी उभी ऱ्हाईपातूर चूल पेटत न्हाई. तवर तेच खात्यात."

मला कुणी नवीन काही सांगितलेलं नव्हतं. दिवाळी झाली की आमच्या भागातलं अर्धं गाव ऊसतोडीला जातं, ट्रक भरून, लेकराबाळांसकट, ते थेट उन्हाळ्यात परततं. शाळेत असताना दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गातले मागचे बाक रिकामे व्हायचे. मला तेव्हा बाकावर ऐसपैस बसायला मिळायचं, आणि दिवाळीनंतर वर्ग असाच मोकळा होतो अशी माझी समजूत होती. पावसाळ्यानंतर हिवाळा येतो, तसं.

"मग तू आधी बोलली का नाहीस?" मी आईवर ओरडले.

"मला वाटलं तुला म्हाईत आसंल. गावचीच हायेस ना तू?"

 

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वहिनीच्या घरी गेले. बाकीच्या गेल्या तरी ती एकटी राहिली तर धंद्यात धुगधुगी राहील, माझ्यासारख्या एकदोघींना ती शिकवेल, उन्हाळ्यात बाकीच्या परत येतील, असा हिशोब मी रात्रभर घोळवला होता. दादा अंगणात कोयत्याची मूठ बसवत होता. मी आडवळण घेतलं नाही. वहिनीला राहू द्या म्हणाले, हात जोडले. हात जोडताना मला लाज वाटली नाही, इतकी मी घायकुतीला आले होते.

"ताई, येकटं कसं जानार?" दादा म्हणाला. "मुकादमाला शब्द दिलाय. कोयता पुरा पायजे."

कोयता म्हणजे तोडीला नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधून डोक्यावरून गाडीत टाकायची. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि टोळ्या जमवणारा मुकादम अर्धा कोयता घेत नाही. मी मात्र पाटीवर 'महिला' लिहून एकेक बाई सुटी मोजली होती. दादालाही काही काम द्यावं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

वहिनी चुलीपुढं बसून सगळं ऐकत होती. पोरगी कोपऱ्यात अभ्यासाचं पुस्तक उघडून बसली होती, तीही ऐकत होती.

सकाळी वहिनी गोठ्यात आली, पदर खोचला आणि म्हणाली, "मी ऱ्हाते, वन्सं."

मी तिला मिठीच मारली. पीठ माझ्या सगळ्या अंगाला लागलं. ती ताठ उभी होती, हे मला जाणवलं, पण मी ते मनावर घेतलं नाही. जन्मभर ज्याला-त्याला "हे कसं काय?" विचारत आले, आणि तिला मात्र काही विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं.

दिवाळी झाली. दुपारी ट्रक मारुतीच्या पाराशी येऊन लागला. गोणी, भांडी, सरपण, डालग्यात कोंबड्या, वर लेकरं. निरोप द्यायला म्हणून मी वहिनीबरोबर गेले, चांगली छाती पुढं काढून गेले. आपली बाई राहिली ह्याचा तोरा होता. दादा वर चढून गोणी सरकवत होता. त्याच्या मागं पोरगी बसली होती. पंजाबी ड्रेसवर बापाचा लांब बाह्यांचा शर्ट घातलेला, डोक्याला फडकं गुंडाळलेलं. उसाचं पातं कापतं म्हणून बायका साडीवर तसाच शर्ट चढवतात.

"ही कुठं निघाली?" मी विचारलं.

दादानं माझ्याकडं बघितलंही नाही. "तुमीच म्हनले ना, हिला ऱ्हाऊ द्या. कोयता पुरा नगं का व्हायला?"

"मला येती मोळी बांधता, आत्या," पोरगी म्हणाली. मला धीर द्यावा तशी.

मी वहिनीकडं वळले. ती मारुतीकडं बघत होती. खरं सांगते, त्या वेळी माझ्या डोळ्यापुढं पहिल्यांदा पुण्याचा दुकानदार आला आणि मग पोरगी. हा क्रम मला अजून टोचतो. मग मात्र मला स्वतःचाच असा काही संताप आला की मी तिथंच किंचाळले, "उतर खाली! आधी उतर!" अख्खा पार माझ्याकडं बघायला लागला. "वहिनी, तू जा. पोरगी माझ्याकडं राहील. शाळेत जाईल. तू जा बाई, जा."

तिनं रडारड केली नाही, आभारही मानले नाहीत. पोरगी उतरली. वहिनीनं तिच्या अंगातला शर्ट काढला, स्वतःच्या लुगड्यावर चढवला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. चाकावर पाय देऊन ती वर चढली, आणि मग वाकून मला म्हणाली, "तिला चुलीपुढं बसवू नका, वन्सं. येवढंच."

ट्रकमध्ये वहिनीच्या पोरीएवढ्या आणखी पोरी होत्या, शर्ट घातलेल्या. त्यांना मी उतरवू शकले नाही. ट्रक निघाला तेव्हा त्यातली एक ओळखीची माझ्याकडं बघून हसली. त्या हसण्यानं मला पळून जावंसं वाटलं.

त्यानंतर गोठ्यात मी एकटी. हातावर पोट असलेल्या घरांत उरल्या त्या कंबर मोडलेल्या म्हाताऱ्या. माझी भाकरी परातीतून उचलली की फाटायची, न फाटलीच तर तव्यावर जळायची. आईचा खांदा दुखायचा, तरी ती बिचारी अधूनमधून बसायची. दुकानदाराचे फोन येत राहिले आणि मी आज देते, उद्या देते करत राहिले. पोरगी शाळेतून आली की चुलींच्या ओळीकडं बघायची. "आत्या, मी करू का? मला येत्यात." मी नाही म्हणायचे. दर वेळी नाही म्हणताना आतून वाटायचं, कर की बाई, कर! तिच्या हातांकडं माझं लक्ष जायचं, हात वहिनीसारखेच होते, बोटं सगळी शाबूत. मला त्या पोरीचा राग यायचा. ती घरात आहे, जेवते आहे, अभ्यास करते आहे, ह्याचा राग. पुण्याला परत जावं म्हटलं तर आता तेही बंद झालं, कारण हिला कुठं ठेवू? रात्री आई पाठीवरून हात फिरवायची तेव्हा मी तिचा हात झटकायचे.

शेवटी मागच्या मालातल्या काही पेट्या उरल्या होत्या त्या पाठवायच्या ठरवल्या. तेवढ्यानं दुकानदार महिनाभर तरी गप्प बसला असता. संध्याकाळी मी पेट्या उघडून भाकरी तपासायला बसले, जुनी सवय. पोरगी शेजारी येऊन बसली. मी फुटक्या बाजूला काढत होते. ती चांगल्या काढत होती, आणि सगळ्या नव्हे. एकेक हातात घेऊन कडेवरून बोट फिरवायची, काही परत ठेवायची, काही दप्तरावर रचायची.

"काय करतेस?"

"ह्या आईच्या हायेत." तिनं मला कडेची सपाट जागा दाखवली. मीच दाखवली होती ती, पहिल्या आठवड्यात, चूक म्हणून.

"मग खा की. आमटी आहे, कुस्करून खा."

तिनं मान हलवली. "खाल्ल्या की संपत्याल ना, आत्या."

तेवढ्यात फोन वाजला. दुकानदारच होता. पेट्या निघाल्या का, त्यानं विचारलं.

"माल संपला," मी म्हणाले.