पाच डब्यांचा कॅमेरा

कोणतीही वस्तू हातात दिली की आमचे मिस्त्री म्हणत, "आधी सुटां करूया, मगे बघूया." असा एखादा माणूस तुमच्याही चाळीत असेल. माझं घड्याळ त्यांनी असंच सुटं केलं होतं. बघायचं राहूनच गेलं. पण परळच्या आमच्या गिरणीतले माग चालत ते त्यांच्याच हातगुणाने. मी त्यांतल्या एका मागावर विणकर.

दसऱ्यानंतर आठच दिवसांनी माझ्या मागावरून धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन धावणारा टोकदार लाकडी ठोकळा, उडाला आणि शेजारच्या विणकराचा डोळा गेला. साहेबाने माग बंद केला आणि निष्काळजीपणाचा ठपका माझ्यावर ठेवला. महिन्याने चौकशी. घरी सहा माणसं माझ्या पगारावर होती.

"उडतो धोटो डोळ्यांक दिसणा नाय, भिंगाक दिसतलो," मिस्त्री म्हणाले. चोरबाजारातून भिंगं आणून त्यांनी पत्र्याच्या पाच डब्यांचा एक कॅमेरा केला, दर डब्याला एक भिंग आणि एक झडप. मागाचा दांडा फिरला की पापणी लवायच्या आत पाचांच्या झडपा ओळीने उघडून मिटायच्या.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचे दिवस ते. गेटवर झडती कडक. मिस्त्री रोज एक डबा आत नेत.

"क्या है?" पहारेकरी विचारी.

"भाकरी."

झाकण उघडलं असतं तर आतल्या फोटोच्या काचेवर उजेड पडून सगळंच संपलं असतं. 

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही गुपचूप माग चालू केला. मिस्त्री डब्यांपाशी वाकले होते, अगदी धोट्याच्या वाटेत. मी ओरडलो, पण ते हलले नाहीत. झडपा वाजल्या आणि धोटा त्यांच्या कानाजवळून भिंतीवर आदळला.

उजेड येऊ नये म्हणून मोरीला गोणपाटं लावून आम्ही काचा धुतल्या. पाचव्या काचेत धोट्याला टोला देणारी चामड्याची वादी ताणून वाकडी झालेली दिसली.  दसऱ्याच्या पूजेला माग नवा दिसावा म्हणून ती कोरी वादी मिस्त्रींनीच चढवली होती, तेलात न मुरवता; अशी वादी ताणली की धोटा वाट सोडतो.

खरं सांगतो, मला आधी आनंद झाला. लाज मागून वाटली. "मिस्त्री, फोडून टाकूया ही काच," मी म्हटलं.

"सुटां केलां मां? आता बघूक व्हयाच," म्हणत त्यांनी काच रुमालात गुंडाळली.

सोमवारी त्यांनी ती स्वतः साहेबापुढे ठेवली. माझी नोकरी राहिली, त्यांची गेली. आठवड्याभरात ते बोटीने गावी गेले. जाताना कॅमेरा सुटा करून पाचवा डबा मला दिला. पुन्हा ते दिसले नाहीत.

पुढे कितीतरी वर्षं मी तोच डबा घेऊन गेटवर उभा राहिलो. पहारेकरी विचारी, "क्या है?" मी आपणहून झाकण उघडून दाखवी. भाकरीच असायची.