शेजारच्या काकांचा कंठमणी

आमच्या शेजारच्या काकांएवढा मोठा कंठमणी अख्ख्या डिलाईल रोडवर दुसऱ्या कुणाला नसेल. मी काही सगळे गळे पाहिलेले नाहीत, पण काकांनी पाहिले होते, आणि त्यांच्यावर माझा विश्वास आहे. ते चहा प्यायला बसले की तो मणी पार हनुवटीपर्यंत जाऊन खाली यायचा आणि आम्ही चाळीतली पोरं समोर बसून घोट मोजायचो. त्यांची उमेदीची वर्षं कापडगिरणीत, साच्यांच्या म्हणजे मागांच्या खडखडाटात गेली. तिथे बाकीचे कामगार नुसते ओठ हलवून एकमेकांशी बोलत. काकांचं मात्र तिथेही ऐकू यायचं म्हणे. काकू सांगायच्या, "माका बघूक इले तेव्हा आधी आवाज इलो, मगे माणूस."

दुसऱ्यांचे गळे तपासणं हा त्यांचा छंद होता. चाळीत नवं बिऱ्हाड आलं की पहिल्या आठवड्यात काका दोन बोटं गळ्याला लावून "आ म्हण" म्हणायचे आणि निकाल द्यायचे. कोपऱ्यातल्या खोलीतल्या मास्तरांचा गळा हंड्यासारखा, म्हणून आरतीत त्यांनी शेवट धरायचा. माझ्या आईचा तांब्यासारखा, तिने सुरुवात करायची. माझ्या गळ्यावर बराच वेळ बोटं ठेवून म्हणाले, "बारीक नळी असा गो तुझी. पण सरळ असा." गणपतीपुढचं गाऱ्हाणं मात्र त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. सगळ्यांच्या वतीने देवाला सांगायचं ते काकांनीच, आणि दर वाक्याला चाळीने "होय म्हाराजा" म्हणायचं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वाचादोषांवरचे उपचार शिकते. स्वरयंत्र कुणाचं जरा वर असतं, कुणाचं खाली, स्वरतंतू कुणाचे आखूड, कुणाचे लांब, अगदी सारखे दोन गळे सापडायचे नाहीत, हे वर्गात ऐकलं आणि घरी येऊन आधी काकांना सांगितलं. ते खूश झाले. "मगे मी इतकी वर्षां काय सांगत होतंय? तुमका पुस्तक लागला."

गेल्या वर्षी शिमग्यानंतर त्यांचा आवाज बसला. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं. बसलेला आवाज काही आठवड्यांत सुटला नाही तर गळा तपासून घ्यावा, हे मी वाचलेलं होतं. दोनदा त्यांच्या दारात गेले. पहिल्यांदा काकूंची वाटी परत देऊन आले. दुसऱ्यांदा कसंबसं म्हटलं, "काका, एकदा डॉक्टरांना दाखवूया का?" ते घोगरं हसले. "गळो माझो, आणि माका शिकवतलंस तू?" मीही हसले. मग पुन्हा विषय काढला नाही. मोठ्या माणसाला कसं सांगायचं ते मला कळेना. शेवटी काका इस्पितळात गेले तेव्हा स्वरयंत्र काढण्यावाचून इलाज उरला नव्हता.

घरी आले ते गळ्याला रुमाल बांधून. मणी होता तिथे रुमाल सपाट बसला होता.

गणपतीत आरती झाली आणि सगळे थांबले. गाऱ्हाणं कोण घालणार, हे कुणी विचारेना. काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "पोरगी घालणार?" मास्तर हळूच म्हणाले. काकांनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. मग मला जवळ घेऊन पूर्वीसारखी दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवली आणि ओठ हलवायला लागले, साच्यावर बाकीचे कामगार हलवत असतील तसे. मी त्यांच्या ओठांवरून एकेक वाक्य उचलत गेले. माझा आवाज शेवटच्या खोलीपर्यंत पोचला नसेल, पण "होय म्हाराजा" तिथूनही आलं.

शेवटचं वाक्य दरवर्षीचंच. काय चुकलं असेल तर लेकरांना पदरात घे. काकांचे ओठ ते म्हणून थांबले. माझ्याच्याने म्हणवेना. त्यांनी बोटांनी माझ्या गळ्यावर हळूच टकटक केलं, पोरं आरतीत अडली की करायचे तसं.

मी म्हटलं. चाळ म्हणाली, "होय म्हाराजा." काकांचे ओठही तेच म्हणाले. तेव्हा ते गणपतीकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते.