उत्तर येईपर्यंत उभा

सलीलचा फोन आला तेव्हा मी कुकरमध्ये भात लावत होतो. “काका, बाबा गेले. झोपेत, अगदी शांतपणे,” तो वॉटफर्डहून सांगत होता. डॉ. अच्युत खांबेटे शांतपणे गेला, यावर माझा आजही विश्वास नाही. नॉटिंगहॅमच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून त्याने इतरांना झोपवण्यात हयात घालवली; स्वतः मात्र एकही गोष्ट शांतपणे केल्याचे, आमच्या एवढ्या वर्षांच्या मैत्रीत, माझ्या पाहण्यात नाही.

त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. दरम्यान इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली आणि तिथे मी एका अनोळखी गृहस्थाविषयी बरेच काही ऐकले. हा गृहस्थ म्हणे मितभाषी होता; आपण वापरलेल्या भुलीच्या वायूने पृथ्वी तापते हे कळल्यावर पश्चात्तापाने खचला होता; आणि अखेरीस त्याची स्मृती इतकी ढासळली की विद्यापीठाच्या भरल्या सभागृहात प्रश्न विचारून तो खाली बसायचेच विसरला. हे शेवटचे सांगताना वक्त्याने रुमाल काढला. त्या सभागृहात अच्युतच्या शेजारच्या खुर्चीवर मी होतो. मंडळात हळहळणाऱ्यांपैकी तिथे कोणीही नव्हते. म्हणून हा लेख.

निवृत्तीनंतर आम्ही दोघे विद्यापीठाची सार्वजनिक व्याख्याने ऐकायला जाऊ लागलो. हवामानबदल आणि नीती, ऊर्जा, उद्याचे अन्न असे विषय असत. मी ट्रेंट नदीकाठच्या वीजकेंद्रात उमेदीची सगळी वर्षे कोळसा जाळलेला इंजिनिअर. अच्युत दुपारी फोन करून एवढेच म्हणे, “तयार राहा. आपल्यावरचा खटला ऐकायला जायचंय.” बसायची जागा ठरलेली होती : मधल्या ओळीच्या कडेला तो, त्याच्या शेजारी मी. उठताच आपोआप मिटणाऱ्या त्या खुर्च्या. अच्युत उठला की त्याची खुर्ची फटकन आवाज करी आणि व्यासपीठावरचा माणूस दचकून वर बघे. मग हा प्रश्न विचारी, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसत नसे. हा त्याचा नियम होता. एका व्याख्यात्याने पडद्यावर भुलीच्या वायूची बाटली दाखवली, तीच, जी याने वर्षानुवर्षे हाताळली होती. शोकसभेतल्या कथेप्रमाणे याने तेव्हा मान खाली घातली. प्रत्यक्षात तो उठला. “माझ्यासमोर टेबलावर पोट उघडलेली बाई होती. तिला मी काय द्यायला हवं होतं, ते सांगा. मी बसतो.” व्याख्याता म्हणाला, तेव्हा जे ठाऊक होते त्यावरून तुम्ही दिलेत तेच, आज मात्र दुसरे काही. अच्युतने आभार मानले आणि तो बसला. बाहेर पडताना मला म्हणाला, “मी वायूने झोपवायचो, हा नुसत्या आवाजाने झोपवतो. पण माणूस सरळ आहे.” दुसऱ्याच दिवशी त्याने आपल्या जुन्या विभागात फोन लावला आणि ती बाटली अजून वापरता कशी म्हणून तिथल्या तरुण डॉक्टरांना फैलावर घेतले. याला ज्यांना पश्चात्ताप म्हणायचे असेल त्यांनी म्हणावे. मी त्याला कामाचा माज म्हणतो, आणि तो मला अतिशय प्रिय होता.

मी स्वतः कधी उठलो नाही. कोळशाचा विषय निघाला की अच्युत कोपर मारी, “ऊठ ना, कोळसेवाल्या! घरी माझ्यावर ओरडतोस आणि इथे मिठाची गुळणी?” मी त्याला सांगत असे की इंजिनिअरला प्रश्न पडत नाहीत, बिघाड दिसतात. त्यावर तो पुढचा तास मनातल्या मनात हसत राही.

गेल्या वसंतातले व्याख्यान अन्नावर होते. प्राध्यापिका तरुण, हुशार, आणि बोलणेही नेटके. भातशेतीतल्या साचलेल्या पाण्यातून कोणता वायू निघतो हे तिने समजावून सांगितले आणि जगाने भात कमी खावा असे सुचवले. खुर्ची फटकन मिटली. “ज्याच्या ताटात भाताशिवाय दुसरं काही नाही, त्याने भात कमी करून काय खायचं?” प्राध्यापिका म्हणाली, फार महत्त्वाचा प्रश्न आहे. आणि तिने श्रोत्यांतल्या दुसऱ्या वर झालेल्या हाताकडे बोट केले. अच्युत उभाच राहिला. माइक पुढे गेला, चर्चा संपली, टाळ्या झाल्या, लोक चहाकडे निघाले. स्वयंसेविका जवळ आली आणि बहिऱ्याशी बोलावे तशी ओरडली, “सर, आर यू ओके?” तो म्हणाला, “मी ठीक आहे. उत्तर यायचंय.” तिने पाण्याचा पेला आणला. कोणीतरी मुलाला फोन केला. त्याच आठवड्यात सलील त्याला वॉटफर्डला आपल्या घरी घेऊन गेला.

मी हे लिहिणार असल्याचे शोकसभेनंतर सलीलला सांगितले. “काका, प्लीज नका लिहू. बाबांची मेमरी खरंच गेली होती. आमच्याकडे किचनमध्येपण असेच उभे राहायचे. कशाला आलो, तेच आठवायचं नाही.” पोराचे डोळे भरले होते.

“किचनमधलं तू पाहिलंस, मी नाही म्हणत नाही. सभागृहातलं मी पाहिलंय.”

“पण डिफरन्स काय, काका?”

फरक आहे. अच्युत चाव्या विसरे, चष्मा विसरे. एकदा माझ्या दिवंगत पत्नीचे नाव त्याला आठवेना. तिच्या हातचे तो इतकी वर्षे जेवला होता. तेव्हा त्याचा चेहरा गर्दीत हात सुटलेल्या मुलासारखा झाला होता... विसरलेला अच्युत कसा दिसतो हे मला ठाऊक आहे. त्या संध्याकाळी त्याचा चेहरा तसा नव्हता. तो संतापलेला होता.

मागच्या आठवड्यात नव्या व्याख्यानमालेचा आरंभ झाला. सलीलला निमंत्रण होते. तो माझ्या दुसऱ्या बाजूला बसला. कडेची खुर्ची रिकामी, मिटलेली. सूत्रसंचालन त्याच प्राध्यापिकेकडे होते. तिने आरंभीच ‘एका शांत, सौम्य श्रोत्याचे’ स्मरण केले. प्रश्नोत्तरांची वेळ आली तेव्हा मी उठलो. माझ्या खुर्चीचा आवाजही तेवढाच मोठा होतो, हे मला त्या दिवशी कळले. मी म्हणालो, डॉ. खांबेटे यांचा प्रश्न अजून शिल्लक आहे, आणि तो त्यांच्याच शब्दांत विचारला. तिने अदबीने सुचवले की आपण यावर नंतर चहा घेताना बोलू. मी नको म्हणालो. माइक पुढे गेला.

“काका, बसा ना. लोक बघतायत.”

“बघू देत.”

“तुमचे गुडघे थरथरतायत.”

“ते माझे गुडघे आहेत.”

सलीलने बापासारखाच सुस्कारा टाकला. मग तो उठला आणि कोपर पुढे करून म्हणाला, “हात तरी धरा.”

मी धरला. व्यासपीठावर पुढचा प्रश्न, त्यापुढचा प्रश्न चालू होता. आमच्या ओळीच्या कडेच्या तिन्ही खुर्च्या मिटलेल्या होत्या, आणि बसायचे कोणीही विसरलेले नव्हते.